लेकरू घरात घेताय, तर त्याच्या आईबापालाही उंबऱ्याच्या आत घ्या

दसरा तोंडावर आला आहे. सण उरकला की बीड, अहिल्यानगर, जालना जिल्ह्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाच्या गाड्यांत बसून साखर कारखान्यांकडे निघतील. परत येतील त्या मार्च-एप्रिलमध्ये. त्यांच्यातल्या काहींची लेकरं आज बालगृहात आहेत, काही दुसऱ्या कुटुंबांत वाढत आहेत. एकदा मुकादमाची उचल घेतली की मधेच रजा मागता येत नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात. त्यामुळे या मुलांची आईबापाशी भेट व्हायची असेल तर ती येत्या काही आठवड्यांतच. हे आठवडे हातचे गेले तर सहा वर्षांच्या एखाद्या मुलीला तिची आई थेट उन्हाळ्यात दिसेल. म्हणून हे आवाहन आजच, घाईने करते आहे.

दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या आणि तसा विचार मनात असलेल्या प्रत्येक कुटुंबाला माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला जवळ घेतलंत, आता त्याच्या जन्मदात्यांशीही बोला. त्यांना भेटा. मुलाच्या आयुष्यातली त्यांची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवा. उसाच्या फडातली आई असो, तुरुंगातली असो, मनोरुग्णालयातली असो किंवा दारूच्या नादाला लागलेला बाप असो, मुलाचं भलं ज्यावर अवलंबून आहे असं हे काम दुसरं कोणीही तुमच्या वतीने करू शकत नाही.

दत्तक आणि प्रतिपालन, म्हणजे ज्याला सगळे फॉस्टर केअर म्हणतात ते, या दोन्हींची आपल्याकडे फार गल्लत होते. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं. प्रतिपालनात ते तुमच्याकडे राहतं, तुमच्या घरात जेवतं, तुमच्या जवळच्या शाळेत जातं. पण त्याचे आईबाप त्याचे आईबापच राहतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ हे नीट सांगतं. आईवडील सांभाळ करायला असमर्थ ठरले म्हणून मूल दुसऱ्या कुटुंबात दिलं असेल, तर त्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येतं. भेट मुलाच्या हिताची नाही असं बालकल्याण समितीला वाटलं, तर तिने कारणं लेखी नोंदवायची असतात. आणि आईवडील पुन्हा सांभाळ करण्याजोगे झाले आहेत असं समितीने ठरवलं की मूल त्यांच्याकडे परतू शकतं. शक्यतो भावंडांची ताटातूट करू नये, हेही याच कलमात आहे. मुलाचा आईवडिलांशी थेट संपर्क राहण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत आहे, आणि भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली आहे. तेव्हा भेट घडवून आणून आपण त्या आईवर उपकार करतो, ही भावना मनातून काढून टाका. भेट हा मुलाचा हक्क आहे.

तरीही हा हक्क घराघरांत कोमेजून जातो. त्यामागे दुष्टपणा नसतो, माया असते. रात्री दचकून उठणारं, ताटातली पोळी खिशात लपवणारं पोर घरात येतं तेव्हा सांभाळणाऱ्या बाईच्या पोटात तुटतं. असं ज्यांनी होऊ दिलं त्यांचा राग येतो. ‘आता याला त्या लोकांची सावलीसुद्धा नको’ हा विचार मग आपोआप येतो. हा राग मला समजतो. पण त्या रागावर मुलाचं आयुष्य उभं करता येत नाही. बालगृहांतल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. कुणाला क्षयाने गाठलं, कुणाचा नवरा गेला आणि सासरच्यांनी बाहेर काढलं, कुणाला दिवसभर बांधकामावर राबताना तान्ह्याला ठेवायला जागा नव्हती. गरिबी म्हणजे नालायकी नव्हे, हे सांभाळणाऱ्या कुटुंबाने पहिल्या दिवशी मनाशी पक्कं करायला हवं.

मुलांच्या सांभाळासाठी पैसे देणाऱ्या राज्य सरकारच्या बाल संगोपन योजनेला २०२३ मध्ये क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. त्या नावाचा इथे खरा संबंध आहे. १८६३ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी जाहीरपणे सांगितलं की इथे येऊन सुखरूप बाळंत व्हा. मूल सोबत न्यायचं की इथे ठेवायचं हा निर्णय तुमचा. ज्या काळात समाज त्या बायांच्या जिवावर उठला होता त्या काळात फुले दांपत्याने मुलाला वाचवताना आईला तुच्छ लेखलं नाही. पुढे यातल्याच काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. सावित्रीबाईंच्या नावाने आज मुलांसाठी पैसे येतात. त्यांची ही वृत्तीही सोबत यायला हवी.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. सुरुवात मूल घरी येण्याआधीच करा. नाही जमलं तर पहिल्या आठवड्यात. बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्यांमार्फत आईशी किंवा वडिलांशी पहिलं बोलणं मागा. या बोलण्यात उपदेश नको, चौकशी नको. फक्त मुलाबद्दल विचारा. झोपताना अंगाई लागते की पाठीवर थापटावं लागतं? अंधाराची भीती वाटते का? भात कालवून लागतो की भाकरी कुस्करून? घरात कोणती बोली बोलता, गोरमाटी, पारधी, अहिराणी की हिंदी? लाडाने काय हाक मारता? लस कुठे टोचली, कार्ड कोणाकडे आहे? आजवर पोलीस, समिती, समुपदेशक अशा सगळ्यांनी जिला तिच्या चुकाच विचारल्या, तिला पहिल्यांदाच कोणीतरी तिला ठाऊक असलेलं विचारत असतं. ती सरळ बसून बोलू लागते. हे एकदा घडलं की पुढच्या अर्ध्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

हे नुसतं चांगुलपणाचं बोलणं नाही, याला आधार आहे. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या लंडनच्या दांपत्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आया बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना, लहान मुलांना एकेक करून आपल्या घरी सांभाळलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. मुलाला आधी त्यांनी आपलं घर दाखवलं. त्याचं जेवण, झोप, सवयी आईकडून समजून घेतल्या. त्याचं अंथरूण, खेळणी आणि आईचा फोटो सोबत आणायला लावला. रोज आईचा विषय काढला, वडिलांना भेटायला बोलावलं. ती मुलं रडली, चिडली, पण मोडली नाहीत. याच मालिकेत त्यांनी सतरा महिन्यांच्या जॉनचंही चित्रीकरण केलं. तो नऊ दिवस एका संस्थेत होता. तिथे माणसं सतत बदलत होती, आणि त्याला धरायला कोणी एक माणूस नव्हतं. नऊ दिवसांनी आई न्यायला आली तेव्हा तो तिच्या कुशीत जाईना. फक्त नऊ दिवस! आपल्याकडची मुलं महिनोन् महिने दूर असतात. तेव्हा मुलासोबत आलेली फाटकी गोधडी, कळकट बाहुली, विटलेला फ्रॉक यांतलं काहीही फेकू नका. धुवायची घाईही करू नका. त्या वस्तूंना घरचा वास असतो. आईचा फोटो मिळवा आणि मुलाच्या हाताला येईल अशा जागी ठेवा.

मुलाने तुम्हाला काय म्हणायचं? ‘आई’ म्हणायला लावू नका. आपल्या भाषेत मावशी, काकू, आत्या, मामी अशी किती नाती आहेत. त्यातलं एक घ्या. माय मरो आणि मावशी जगो अशी म्हण आहे, पण इथे मायही जगायला हवी आणि मावशीही. मूल आपणहून ‘आई’ म्हणालं तर त्याला रागवू नका, फक्त खऱ्या आईचा उल्लेख घरात चालू ठेवा.

मग येतो रोजच्या जगण्याचा, सगळ्यात अवघड भाग. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, असं सांगणाऱ्या कुटुंबात सुकट-भाकरीवर वाढलेलं मूल येतं. जात वेगळी असते, धर्म वेगळा असतो, देव्हारा वेगळा असतो. तुम्ही आपल्या घरी मटण शिजवा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या खाण्याला नाक मुरडू नका, ‘तुमच्यात असलं खातात’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, आणि भेटीला आईने डब्यात आणलेलं मासळीचं कालवण त्याला तिच्या हातून पोटभर खाऊ द्या. मुलाचं नाव बदलू नका, हाक मारायला सोपं पडतं म्हणूनही नाही. जावळ काढायचं, कान टोचायचे, केस कापायचे तर आधी आईवडिलांना विचारा. ईद त्याची असेल तर ईदला नवे कपडे घ्या. भीमजयंती त्याची असेल तर मिरवणूक दाखवायला न्या. मूल ज्या माणसांमधून आलं त्यांची लाज त्याला तुमच्या घरात शिकायला मिळाली, तर पुढे ते घरी परतलं तरी त्या घराचं होणार नाही.

आता भेटीचं. भेटीवरून जेवढे गैरसमज होतात तेवढे दुसऱ्या कशावरूनही होत नाहीत. आई येते, तासभर बसते, जाते. त्या रात्री मूल अंथरूण ओलं करतं, तुमच्या पोराला मारतं, शाळेत जाणार नाही म्हणून हट्ट धरतं. तुम्ही अधिकाऱ्यांना फोन लावता की भेटी बंद करा, मुलाला त्रास होतो. थांबा. तो त्रास भेटीचा नसतो, ताटातुटीचा असतो; भेटीने फक्त वर येतो. भेट बंद केली तर मूल शांत होईल हे खरं, पण ते आशा सोडून गप्प झालेलं असेल. म्हणून भेटीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा, पाहुणे, लग्नकार्य ठेवू नका. त्याला जवळ बसवा, ‘आईची आठवण येते ना’ असं सरळ विचारा. काय झालं, मूल काय बोललं, हे तारीख घालून वहीत लिहा आणि ती वही दरमहा तपासणीला येणाऱ्यांना दाखवा. मूल भेटीआधीच थरथरतं, लपून बसतं, एखाद्या माणसाचं नाव काढताच मुकं होतं, असं दिसलं तर मात्र त्याच दिवशी समितीला कळवा. दुःख आणि धास्ती यांतला फरक वहीत उतरलेल्या नोंदींतून कळतो.

भेटीला आई आलीच नाही तर? लगेच ‘तिला काही पडलेली नाही’ असा निकाल देऊ नका. एसटीचं अर्धं तिकीट असलं तरी दिवसाची मजुरी बुडते. समितीचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी, ती तालुक्यापलीकडच्या वस्तीवर. वार तिच्या सुट्टीचा, तिच्या बाजाराच्या दिवसाचा निवडता येतो का ते अधिकाऱ्यांना विचारा. टोळी कारखान्यावर गेली असेल तर फोन संध्याकाळी, ती कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर, परतल्यावर लावा. पहाटे फडात जाणाऱ्या बाईला दुपारच्या सोयीची वेळ देऊन उपयोग नाही. आणि मुलाला सांगताना ‘आई आली नाही’ एवढंच सांगा, ‘विसरली’ हा शब्द तुमच्याकडून जाऊ नये.

भेटीत आईला हाताला काम द्या. तेल लावून वेणी घालू दे, नखं कापू दे, वही बघू दे. नुसतं समोरासमोर बसवलं की दोघंही अवघडतात. तिने आणलेला पाच रुपयांचा बिस्किटपुडा तुम्ही घेऊन दिलेल्या सायकलपेक्षा लहान नाही. तो तिच्यासमोरच फोडा. प्रगतिपुस्तक तिला दाखवा, शाळेतला फोटो द्या. शिक्षकांना माझी विनंती आहे की पालकसभेला ही आई आली तर तिला मागच्या बाकावर बसवून ठेवू नका.

बाप दारू पिऊन आला तर भेट होऊ देऊ नका, यात संकोच नको. पण मुलाशी खोटंही बोलू नका. ‘बाबा आज दारू प्यायले होते म्हणून भेट झाली नाही, दारू हा आजार आहे, त्यावर उपचार असतात’ एवढं सात वर्षांच्या मुलाला कळतं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे. तिथून बरे होऊन आपल्या मुलांकडे परतलेले बाप या महाराष्ट्रात आहेत. ‘तुझा बाप बेवडा’ असं आपण म्हणतो तेव्हा मूल ते स्वतःबद्दल ऐकतं, कारण त्याच बापाचं नाव त्याच्या नावापुढे लागलेलं असतं.

तुरुंगातल्या आयांसाठी वेगळं सांगायला हवं. तुरुंगात आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंत राहू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलं. सहावं वर्ष संपलं की ते बाहेर येतं, आणि आजवर आई जिथे होती तेच त्याचं घर असतं. अशा मुलाला सांभाळणाऱ्या कुटुंबाने त्याला घेऊन आईच्या भेटीला तुरुंगात जायची लाज बाळगू नये. राज्यातल्या काही कारागृहांत कैद्यांना मुलांना जवळ घेता यावं म्हणून गळाभेटीचे कार्यक्रम झाले आहेत. त्यांची चौकशी करा, मुलाची चित्रं टपालाने पाठवा. लोक विचारतील, ‘कशाला नेता त्याला तिथे?’ त्याची आई तिथे आहे, एवढं उत्तर पुरे.

एक गोष्ट ठासून सांगते. जिथे मारहाण झाली आहे, लैंगिक अत्याचाराची, पॉक्सोची केस चालू आहे, तिथे वरचं काहीही आपल्या मनाने करू नका. भेट द्यायची की नाही, कोणाच्या देखत, कुठे, हे समिती ठरवेल. दया येऊन आपला पत्ता देणं, परस्पर फोन लावून देणं मुलाच्या जिवावर बेतू शकतं. आणि कुठल्याही मुलाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार प्रसारमाध्यमांतून अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

आता थोडं कटू बोलते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रतिपालनात दोन वर्षं राहिलेलं मूल कायद्याने दत्तकासाठी मुक्त ठरलं असेल तर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येतं. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. ज्याला परतायला घरच उरलं नाही अशा मुलासाठी ही तरतूद मोलाची आहे. पण दत्तकाच्या रांगेत थकलेली काही कुटुंबं या दाराने येतील आणि मनोमन वाट बघतील की त्या आईचं काही जमू नये. असं वाटत असेल तर कृपा करून या दाराने येऊ नका, दत्तकाचाच अर्ज करा. जिचं अपयश तुम्हाला हवंहवंसं वाटतं तिच्या लेकराला तुमच्या घरात मोकळेपणाने रडताही येणार नाही. आणि पैशासाठीही येऊ नका. सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला मिळणारे ४००० रुपये मुलाच्या दूध-वह्यांसाठी आहेत.

परतीचा दिवस ठरला की एका दिवसात सामान बांधून पोर सोपवू नका. आधी दिवसभराची भेट, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, असं समितीच्या परवानगीने वाढवत न्या. औषधांचे कागद, शाळेचा दाखला, फोटो, नोंदींची ती वही, सगळं आईच्या हातात द्या. तुम्ही रडाल. मुलासमोर रडलात तरी चालेल, पण ‘आम्हाला सोडून चाललास’ म्हणू नका. नंतर आईची हरकत नसेल तर फोन करत राहा, उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस बोलवा. एका मुलाला दोन घरं असण्यात काही वाईट नाही.

समितीच्या सदस्यांना आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला हात जोडून विनंती आहे. मूल देण्याच्या आदेशातच भेटीचा वार, वेळ आणि जागा लिहा. ‘गरजेनुसार भेट’ असं मोघम लिहिलेलं असलं की ती होत नाही. आईवडिलांना तो आदेश त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी आत्ता काढा, निघण्याआधी एक भेट घडवा आणि हंगामातल्या फोनची वेळ ठरवून द्या. ज्या घरात आज असं मूल आहे, त्यांनी अधिकाऱ्यांच्या फोनची वाट न बघता उद्या स्वतः कार्यालयात जाऊन दिवाळीच्या सुट्टीतली भेट मागावी.

आणि ज्यांना नव्याने पुढे यायचं आहे त्यांनी या महिन्यातच यावं, कारण घर शोधणारी मुलं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात बाल संरक्षण कक्ष कुठे बसतो ते विचारा, किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करून माहिती घ्या. गृहभेटीला अधिकारी येतील तेव्हा मुलगा हवा की मुलगी, वय किती, हे बोलणं सुरू होण्याआधी त्यांना विचारा: त्याचे आईवडील कुठे आहेत, आणि आम्हाला त्यांना कधी भेटता येईल?